तालुका घ्या आणि मानवी भूगोल शिका: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मानवी भूगोलाचे मूळ प्रश्न मोजके आहेत. लोक कुठे राहतात, तिथेच का राहतात, पोट कशावर भरतात, कुठून कुठे जातात आणि या सगळ्यातून जमिनीचं रूप कसं बदलतं? पुस्तकात या प्रश्नांच्या उत्तरांना नावं दिलेली असतात: घनता, आकृतिबंध, स्थलांतर, मध्यवर्ती स्थान, कार्यात्मक प्रदेश. व्याख्या पाठ करून ही नावं परीक्षेपुरती लक्षात राहतात. एखादा तालुका हाताशी घेऊन त्याच संकल्पना वापरून पाहिल्या, तर त्या कायमच्या आपल्या होतात. हा लेख त्यासाठीच आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनावर कोरून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर ती लागणार आहे. मानवी भूगोलातल्या प्रत्येक आकड्याला एक हद्द असते. हद्द न सांगता दिलेला आकडा अर्धवट असतो, आणि हद्द बदलली की आकडाही बदलतो. नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात.

आधी काय गोळा करायचं

आपल्या तालुक्याचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा, म्हणजे बोलीतली टोपोशीट, हवी. १७६७ पासून काम करणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ती उतरवून घेता येते. एक शीट १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा भाग दाखवते, त्यामुळे एका तालुक्याला दोन ते चार शीट लागणं नेहमीचं आहे. शिवाय जनगणनेची जिल्हा पुस्तिका लागेल. तिचे दोन भाग असतात: एकात गावनिहाय सोयी आणि जमिनीचा वापर, दुसऱ्यात प्राथमिक गोषवारा, म्हणजे लोकसंख्या, साक्षर, कामगार वगैरे. ट्रेसिंग पेपर, दोरा, चांगली पेन्सिल आणि गणकयंत्र किंवा संगणकावरची तक्त्यांची फाईल एवढं असलं की काम सुरू करता येतं. नकाशे संगणकावर करायचे असतील तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण पहिला नकाशा हातानेच काढा. हाताने काढताना प्रत्येक गाव नजरेखालून जातं आणि विषय तिथूनच कळायला लागतो.

टोपोशीट उघडल्यावर आधी समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष पाहा. नकाशा जुना असला तर नवीन धरणाखाली गेलेली गावं त्यात जागेवरच दिसतील आणि बाह्यवळण रस्ते दिसणार नाहीत. रस्ते आणि पाणी भुवनसारख्या उपग्रह नकाशावर ताडून घ्या.

पहिली पायरी: हद्द आणि प्रमाण

जनगणना मोजते ती महसुली गावं. ग्रामपंचायत हे वेगळं एकक आहे. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात. वाडी हे आणखी तिसरंच. कोकणात एका महसुली गावात दहा-बारा वाड्या पसरलेल्या असतात आणि जनगणनेच्या तक्त्यात त्यांची एकच ओळ असते. गावात जाऊन लोकसंख्या विचारली तर सरपंच ग्रामपंचायतीचा आकडा सांगतील, तुमच्या तक्त्यात महसुली गावाचा असेल, आणि दोन्ही बरोबर असूनही जुळणार नाहीत. म्हणून तक्त्यात प्रत्येक गावापुढे २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी स्थान-संकेतांक लिहून ठेवा. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतात. बुद्रुक आणि खुर्द तर जागोजागी आहेत. संकेतांक असला की घोळ होत नाही.

प्रमाण म्हणजे आपण किती जवळून किंवा लांबून पाहतो ते. २०११ मध्ये पुणे जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला ६०३ होती. पण पुणे शहराला वेढणारी हवेली आणि सह्याद्रीच्या कड्याकपारींतला वेल्हे (आता राजगड) हे दोन्ही तालुके त्या एकाच सरासरीत आहेत, आणि ६०३ हे वर्णन दोघांपैकी कुणालाच लागू पडत नाही. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यात दाट वस्तीचं मुंब्रा होतं आणि विरळ वस्तीचं, डोंगराळ मोखाडाही होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि जिल्ह्याची सरासरीच बदलली. माणसं होती तिथेच राहिली, फक्त रेघ सरकली. त्यामुळे जिल्ह्याच्या सरासरीवरून गावाबद्दल निष्कर्ष काढू नका, आणि एका गावावरून जिल्ह्याबद्दलही नको.

दुसरी पायरी: स्थळ आणि सापेक्ष स्थान

कुठल्याही गावाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. गाव ज्या जमिनीवर उभं आहे ती कशी आहे? उंची, उतार, पाणी, माती, पूररेषा: हे झालं स्थळ. आणि आजूबाजूच्या मुलखाच्या हिशेबात ते कुठे पडतं? घाट, बंदर, रस्ते, मोठी बाजारपेठ यांच्यापासून किती लांब? हे सापेक्ष स्थान.

चिपळूण घेऊन पाहा, कारण तिथे या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. शहर वाशिष्ठी नदीच्या काठी सखल जागेत आहे. वाशिष्ठीत खाडीचं भरतीचं पाणी वर चढतं. जुन्या काळी गलबतं गोवळकोटपर्यंत येत, ती त्याच भरतीच्या जोरावर. वर सह्याद्रीत पाऊस कोसळला आणि त्याच वेळी खाडीला भरती असली, की पुराचं पाणी ओसरायला वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ बुडाली. २००५ च्या जुलैतही बुडाली होती. स्थळ म्हणून ही जागा अडचणीची आहे. पण सापेक्ष स्थान पाहा: पूर्वेला कुंभार्ली घाट, तो चढला की कऱ्हाड, उत्तर-दक्षिण मुंबई-गोवा महामार्ग, कोकण रेल्वेचं स्थानक. देशावरचा माल कोकणात उतरतो आणि कोकणातला वर चढतो, तो इथूनच. म्हणून दर पुरानंतर बाजार पुन्हा त्याच जागी उभा राहतो. चिपळूण पुरात का जातं याचं उत्तर स्थळात आहे, आणि तरी तिथे का टिकलं याचं उत्तर सापेक्ष स्थानात.

आता हेच आपल्या तालुक्याच्या मुख्य गावासाठी करा. टोपोशीटवर ट्रेसिंग पेपर ठेवा. नदी-ओढे निळ्या पेन्सिलीने, मुख्य रस्ते लाल, आणि दर १०० मीटर उंचीची समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) तपकिरी अशी उतरवा. सगळ्या समोच्च रेषा उतरवू नका. शीटवर त्या साधारण २० मीटर अंतराने असतात आणि कागद भरून जातो. मग गावं टिपा. १:५०,००० वर नकाशातले २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. रस्त्याचं अंतर मोजायला ओला दोरा वळणावळणाने लावा आणि मग पट्टीवर ताणून धरा. सरळ रेषेतलं अंतर आणि रस्त्याचं अंतर दोन्ही लिहा. घाटात ही तफावत दुपटीच्याही पुढे जाते, आणि लोकांचे व्यवहार ठरतात ते रस्त्याच्या अंतरावर.

तिसरी पायरी: वस्त्यांचा आकृतिबंध

ट्रेसिंगवरची गावं आता आकार दाखवू लागतील. घरं एकमेकांना खेटून असली तर वस्ती केंद्रित, शेतांमधून सुटी सुटी असली तर विखुरलेली, रस्ता-नदी-किनाऱ्याच्या कडेने ओळीत असली तर रेषाकृती. नाव देणं सोपं आहे. कारण शोधणं हा खरा अभ्यास.

देशावरचं जुनं गाव केंद्रित असतं. मध्ये गावठाण, त्याला कधीकाळी तटबंदी आणि वेस, भोवती काळी जमीन. पाणी मोजक्या ठिकाणी, चोरलुटारूंची भीती आणि चांगली जमीन घरांखाली न घालवण्याचा विचार, या सगळ्यांनी घरं एकत्र आणली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चित्र उलटं आहे. वर जांभ्या दगडाचा सडा: सपाट, पण माती पातळ आणि पावसाळा सरला की कोरडा. खाली नदीकाठी भातखाचरं, ती घरांसाठी मोडायची नाहीत. मग घरं बसली मधल्या उतारावर, जिथे झरा किंवा विहीर लागते तिथे, आणि एकेका वाडीत विभागली गेली. समोच्च रेषांवर वाड्या टिपून पाहा. बऱ्याच वाड्या सड्याच्या कडेखाली जवळजवळ एकाच उंचीवर ओळीने आलेल्या दिसतील.

वस्तीच्या नावातही माहिती असते. कोकणात वाडी, आदिवासी भागात पाडा, बंजाऱ्यांचा तांडा, यवतमाळकडे कोलामांचा पोड, पश्चिम महाराष्ट्रात मळा आणि वस्ती. मळा बहुतेक वेळा नंतरचा: विहीर, कालवा किंवा उपसा सिंचन आलं, रात्रीबेरात्री पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा शेतकरी गावठाण सोडून शेतात राहायला गेले. केंद्रित गाव असं हळूहळू विखुरतं. जुनी टोपोशीट आणि आजचा उपग्रह नकाशा शेजारी ठेवले की हा बदल डोळ्यांनी दिसतो. हे काम अवश्य करा. नवशिक्याला भूगोलाची गोडी लागते ती बहुधा इथे.

निसर्ग ठरवतो की माणूस, हा जुना वाद इथेच समजून घेता येतो. जर्मन भूगोलज्ञ फ्रेडरिक रात्झेल यांच्या विचारातून निश्चयवादाला बळ मिळालं: निसर्ग माणसाचं जगणं ठरवतो. फ्रान्सच्या विदाल द ला ब्लाश यांनी संभववादाचा पाया घातला: निसर्ग पर्याय पुढे ठेवतो, निवड माणसाची. नीरेच्या कालव्यांखालचा अवर्षणग्रस्त पट्टा उसाचा झाला. पाऊस होता तेवढाच राहिला. पण कालव्याचं पाणी मुळात आलं ते सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं. एकाच उदाहरणात दोन्ही बाजू दिसतात, म्हणून कुठल्याही एका वादाचा झेंडा घेऊन तालुक्याकडे जाऊ नका.

चौथी पायरी: आकडे काढणं

समजा, एका गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर, लोकसंख्या २,४००, लागवडीखालची जमीन ४८० हेक्टर, शेतकरी आणि शेतमजूर मिळून ९६०, सहा वर्षांपर्यंतची मुलं ३००, साक्षर १,६८०. (गाव कल्पित आहे, रीत खरी.)

जनगणना गावाचं क्षेत्र हेक्टरमध्ये देते. घनता चौरस किलोमीटरवर काढतात, म्हणून हेक्टरला १०० ने भागा: ८ चौरस किलोमीटर. २,४०० भागिले ८, घनता ३००. हा भागाकार विसरलात तर गावाची घनता ३ येते. एवढा हास्यास्पद आकडाही तक्त्यांमध्ये तसाच राहून जातो, म्हणून प्रत्येक उत्तर जिल्ह्याच्या घनतेशी ताडून पाहा. तलाठी कार्यालयातले जुने कागद एकर-गुंठ्यात असतील तर ४० गुंठे म्हणजे एक एकर आणि सुमारे अडीच एकर म्हणजे एक हेक्टर.

पण ३०० ही साधी घनता. त्यात डोंगर, गायरान, पाझर तलाव सगळं धरलेलं आहे. पोटापाण्याचा भार समजायला लोकसंख्येला फक्त लागवडीच्या जमिनीने भागा: २,४०० भागिले ४.८, म्हणजे ५००. ही झाली कायिक घनता. शेतीत राबणारेच घ्या: ९६० भागिले ४.८, म्हणजे २००. ही कृषी घनता. एकाच गावाचे तीन आकडे, आणि तिघांचे अर्थ वेगळे. गडचिरोलीची साधी घनता २०११ मध्ये फक्त ७४ होती. तेवढ्यावरून तिथे जमीन मुबलक आहे असं म्हणणारा माणूस तिथलं जंगल विसरतो. शेतीला मिळणारी जमीन थोडी आहे आणि तिच्यावरचा भार ७४ च्या कितीतरी पट आहे.

साक्षरतेत हमखास होणारी चूक अशी: १,६८० ला २,४०० ने भागून ७० टक्के लिहितात. जनगणनेत साक्षरता सात वर्षं आणि त्यापुढच्या वयाचीच मोजतात. ३०० मुलं वजा करा, मग १,६८० भागिले २,१००, म्हणजे ८० टक्के. चुकीच्या रीतीने जिथे मुलं जास्त तिथली साक्षरता जास्त घसरते, आणि आदिवासी गावं आहेत त्याहून मागास दिसू लागतात. ही गणिताची चूक त्या लोकांवर अन्याय करते.

कामगारांच्या रकान्यांत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलेले ते मुख्य, कमी केलेले ते सीमांत. दोन्ही पाहा. घरच्या शेतात राबणाऱ्या बाईची नोंद बरेचदा सीमांत कामगार म्हणून होते, किंवा होतच नाही. स्त्रियांचा शेतीतला वाटा कमी दिसला तर आधी नोंदीवर शंका घ्या.

पाचवी पायरी: लिंग गुणोत्तर आणि स्थलांतर

दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, हे लिंग गुणोत्तर. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया होत्या. भागाकार करून पाहा: १,१२२. राज्याचं ९२९. मुंबई शहर जिल्ह्याचं ८३२, उपनगराचं ८६०. रत्नागिरीचा आकडा एकटा वाचला तर स्त्रियांना फार अनुकूल जिल्हा वाटेल. मुंबईच्या शेजारी ठेवला की कळतं, पुरुष तिकडे आहेत. पिढ्यान् पिढ्या कोकणातला मुलगा आधी गिरणीत, मग कारखान्यात, मग दुकानात-कचेरीत कामाला गेला आणि घर मनीऑर्डरीवर चाललं.

जिल्ह्याची लोकसंख्याही तेच सांगते. २००१ मध्ये १६,९६,७७७, २०११ मध्ये १६,१५,०६९. वाढीचा दर काढताना फरकाला जुन्या आकड्याने भागायचं असतं, नव्या नव्हे: वजा ८१,७०८ भागिले १६,९६,७७७, म्हणजे उणे ४.८ टक्के. सिंधुदुर्गही उणे झाला. पण मुंबई शहर जिल्हाही त्याच दशकात उणे झाला: ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११. उणे चिन्ह सारखं असलं तरी कारणं वेगळी आहेत. कोकणातून लोक रोजगारासाठी गेले. मुंबईच्या जुन्या भागातून लोक महाग जागेपायी उपनगरांत आणि ठाणे जिल्ह्यात गेले. स्थलांतराच्या अभ्यासात गाव सोडायला लावणारी कारणं आणि नव्या जागेची ओढ यांचे दोन रकाने करा आणि प्रत्येक ठिकाणासाठी वेगळे भरा. मुंबईचे कोकणाला चालत नाहीत.

एक सावधगिरी. गुणोत्तर कमी-जास्त दिसलं की सगळं स्थलांतरावर ढकलू नका. सहा वर्षांपर्यंतची मुलं एकटी स्थलांतर करत नाहीत, म्हणून त्या वयोगटाचं गुणोत्तर वेगळं काढा. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात ते ८०७ होतं, राज्यात ८९४. हा आकडा गर्भलिंगनिदानाकडे बोट दाखवतो. त्यावर १९९४ चा कायदा आहे. इथे स्थलांतराचं स्पष्टीकरण देणं म्हणजे एका गुन्ह्यावर पांघरूण घालणं.

बीड, अहिल्यानगरच्या पूर्व भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. २०११ ची गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत, ऐन हंगामात. नियम असा, की त्या काळात एकदाही घरी नसलेला माणूस जिथे सापडला तिथे मोजायचा. म्हणजे तोडणीला गेलेलं कुटुंब कारखान्याकडच्या गावात मोजलं जातं आणि मूळ गावाची लोकसंख्या घटलेली दिसते. अशा गावात आकड्यांसोबत शाळेचा हजेरीपट, मुकादमांच्या टोळ्या आणि किती घरांना कुलूप आहे, हे विचारल्याशिवाय काही लिहू नका.

स्थलांतर म्हणजे फक्त नोकरी नव्हे, हेही लक्षात असू द्या. भारतात स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न आहे, आणि ते बहुतांशी जवळच्या अंतरावर होतं. बहुतेक स्थलांतर थोड्याच अंतराचं असतं आणि जवळच्या स्थलांतरात स्त्रिया जास्त असतात, ही निरीक्षणं भूगोलज्ञ रॅव्हनस्टाईन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींवरून मांडली होती. गावातल्या वीस-पंचवीस सुनांची माहेरं नकाशावर टिपा. त्या वर्तुळाची त्रिज्या हे त्या गावाच्या सोयरिकीचं क्षेत्र.

सहावी पायरी: गाव की शहर?

नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका असलेली जागा कायद्याने शहर. पण जनगणना आणखी एक कसोटी लावते: लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेतीत. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी ते जनगणना शहर. गोव्यात २०११ ला ६२ टक्क्यांवर लोकसंख्या नागरी होती. तिथल्या ७० शहरांपैकी ५६ जनगणना शहरं होती; पंचायत आहे, माडांची बाग आहे, आणि तरी व्यवसायाने गाव शहरी झालेलं आहे. तालुक्यातल्या पाच हजारांवरच्या प्रत्येक गावाला ही कसोटी लावून पाहा.

सातवी पायरी: आठवडी बाजार

हे काम मैदानात जाऊन करायचं. एक बाजार निवडा आणि साधा आठवडा धरा. पोळा, दिवाळी किंवा पेरणीच्या आधीचा बाजार फुगलेला असतो. सकाळी, दुपारी आणि उतरणीला अशा तीन वेळा मिळून चाळीस-पन्नास ग्राहकांना पाचच गोष्टी विचारा: कुठल्या गावाहून आलात, कशाने, किती वेळ लागला, मुख्य खरेदी काय, आणि दर आठवड्याला येता का. फक्त एसटी स्टँडपाशी उभं राहिलात तर चालत आणि दुचाकीवर येणारे निसटतात. फक्त पुरुषांना विचारलंत तर भाजी-बांगड्या-कापडाचा निम्मा बाजार कळत नाही. बाया मोकळेपणाने बोलतील अशी एखादी विद्यार्थिनी सोबत असू द्या.

मग ट्रेसिंगवर प्रत्येक ग्राहकाच्या गावापासून बाजारापर्यंत रेघ ओढा. जवळून दाट, लांबून विरळ: अंतर वाढेल तसा संबंध घटतो, ही अंतराची झीज. सगळ्यांत बाहेरची गावं जोडलीत की बाजाराचं प्रभावक्षेत्र मिळतं. ते क्वचितच गोल असतं. पूल नसलेल्या नदीपाशी थांबतं, चांगल्या रस्त्यावर लांब जीभ काढतं, आणि तालुक्याची, कधी जिल्ह्याचीही हद्द ओलांडतं. हा कार्यात्मक प्रदेश: व्यवहाराने बांधलेला. सारखी माती, पाऊस किंवा पीक असलेला मुलूख हा औपचारिक प्रदेश. आणि माणदेशासारखा तिसरा प्रकार आहे, जो सातारा, सांगली, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत सांडलेला असूनही लोकांच्या मनात एकच आहे.

आता विक्रेत्यांकडे वळा. कटलरीवाला, भांडीवाला, तयार कपडेवाला यांना विचारा: सोमवारी कुठे, मंगळवारी कुठे? सात दिवसांचा फेरा निघेल. असं फिरावं का लागतं, यातच मध्यवर्ती स्थान सिद्धांताचा गाभा आहे. जर्मन भूगोलज्ञ वाल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीवरून तो मांडला. धंदा टिकायला किमान किती गिऱ्हाईक हवं, हा त्या वस्तूचा उंबरठा. गिऱ्हाईक तिच्यासाठी किती लांब येईल, हा तिचा पल्ला. मिठा-तेलाचा उंबरठा लहान, म्हणून गावोगाव किराणा दुकान असतं. भांड्यांना एका गावातलं गिऱ्हाईक पुरत नाही आणि लोक त्यासाठी रोज लांब जात नाहीत, म्हणून दुकानच चाकांवर फिरतं. सोनं, ट्रॅक्टर, दवाखान्यातलं मोठं ऑपरेशन यांचा उंबरठा मोठा, म्हणून ते तालुक्याला किंवा जिल्ह्याला. बाजारातल्या दहा सेवांची यादी करा आणि प्रत्येक सेवा तालुक्यात किती गावांत मिळते ते मोजा. गावांची उतरंड आपोआप मांडली जाईल. ख्रिस्टालरच्या षटकोनांत तुमचा तालुका बसणार नाही. त्यांनी सपाट, सगळीकडे सारखी जमीन गृहीत धरली होती. तुमचे षटकोन कुठे आणि कशाने मोडले, तेवढं लिहा.

आठवी पायरी: नकाशा रंगवणं

दोन पद्धती पुरतात. प्रत्यक्ष संख्येसाठी टिंब पद्धत: समजा एक टिंब म्हणजे १०० माणसं. टिंबं गावाच्या हद्दीत कुठेही शिंपडू नका; जंगल, तलाव, सडा सोडून जिथे घरं आहेत तिथेच द्या. गुणोत्तर आणि घनतेसाठी क्षेत्रघनी पद्धत: फिक्यापासून गडद छटा. क्षेत्रघनी नकाशात एकूण लोकसंख्या कधी रंगवू नका. मोठ्या क्षेत्राचं गाव केवळ मोठं म्हणून गडद दिसतं.

वर्ग पाडताना सगळ्यात जास्त गडबड होते. राज्याच्या २०११ च्या ३५ जिल्ह्यांची घनता ७४ पासून २०,९८० पर्यंत जाते. समान अंतराचे पाच वर्ग केलेत तर मुंबईचे दोन जिल्हे सर्वांत गडद, बाकीचे ३३ सर्वांत फिक्या छटेत आणि मधले तीन वर्ग रिकामे. गणित बिनचूक असूनही नकाशा काहीच सांगत नाही. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि त्यांच्यात मोठी फट जिथे पडते तिथे रेघ मारा: पुण्याच्या ६०३ नंतर थेट ठाण्याचं १,१५७ येतं, तिथे एक वर्ग तुटतो. असे चार-पाच वर्ग पाडून मग रंग भरा. शीर्षकात वर्ष, खाली प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, सूची आणि आकडे कुठून घेतले ते लिहा.

गावाचा लोकसंख्या मनोरा काढायचा असेल तर स्वतः घरोघरी वयं विचारा. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, ० ते ४, ५ ते ९ असे पाच-पाच वर्षांचे गट. म्हातारी माणसं वय सांगताना साठ, सत्तर असे गोल आकडे सांगतात आणि ते गट फुगतात. घरातलं कुणाचं लग्न, पानशेतचा पूर (१९६१), ७२ चा दुष्काळ अशा खुणांवरून वय ताडून घेतलं की मनोरा सरळ होतो. मधल्या वयात पुरुषांची बाजू आत गेलेली दिसली, तर पाचव्या पायरीकडे परत जा.

सगळे तक्ते संकेतांकासह जपून ठेवा. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. २०११ नंतर काही ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, काही गावं महानगरपालिकांत गेली, तालुके आणि जिल्ह्यांची नावं बदलली. नवे आकडे हाती आले की लगेच वजाबाकी करू नका. आधी दोन्ही याद्या शेजारी ठेवून प्रत्येक गावाची हद्द तीच आहे का ते पाहा, जिथे बदलली आहे तिथे दोन्ही वर्षांचे आकडे एकाच हद्दीवर आणा, आणि मगच वाढ किंवा घट लिहा.